मरंग गोमके जयपालसिंह मुंडा

सौंसर आणि पांढुर्णा या तालुक्यांच्या नकाशावर तालुक्याची सीमा दाखविलेली असते, लोहमार्ग असतो, जाम आणि कन्हान या नद्यांच्या वाकड्यातिकड्या रेषा असतात. परंतु आणखी एक रेषा अशी आहे की, जी शाळेच्या भिंतीवरील नकाशात सहसा आढळत नाही. २००३ साली राष्ट्रपतींनी जो एक आदेश काढला, त्यात या दोन्ही तालुक्यांतील काही पटवारी हलक्यांची क्रमांकानिशी नोंद आहे. शेजारचा बिछुआ, आणि दूरचे तामिया, जुन्नारदेव व हर्रई हे भागही त्याच यादीत येतात. या गावांना कायद्याच्या भाषेत अनुसूचित क्षेत्र असे म्हणतात. तेथील आदिवासींच्या जमिनीच्या व्यवहारांसाठी राज्यपालांना वेगळे नियम करता येतात, आणि तेथील ग्रामसभेला इतर गावांच्या ग्रामसभेपेक्षा अधिक अधिकार आहेत.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक नसते. त्या गावांत राहणाऱ्यांनाही ती नेहमीच ठाऊक असते असे नाही. ही रेषा भारतीय राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतून निघाली. ती अनुसूची घटना समितीत घडत असता आदिवासींच्या बाजूने जे मोजके लोक झगडले, त्यांत एका पुरुषाचा आवाज सर्वांत ठसठशीत होता. तो उत्कृष्ट इंग्रजी बोलत असे, हॉकी असामान्य खेळत असे, आणि भर सभेत स्वतःला जंगली म्हणवून घेण्यात त्याला अभिमान वाटत असे. त्याचे नाव जयपालसिंह मुंडा.

जयपालसिंहांचा जन्म ३ जानेवारी १९०३ रोजी, आजच्या झारखंड राज्यातील खुंटी जिल्ह्यात, टकरा पाहनटोली या खेड्यात झाला. त्या काळी हा मुलूख रांची जिल्ह्यात मोडत असे. पाहन म्हणजे मुंडा गावाचा पुजारी. पाहनांची टोली म्हणून वस्तीचे हे नाव. घरची मंडळी ख्रिस्ती धर्मात गेलेली होती, आणि लहानग्या जयपालकडे गुरे राखण्याचे काम असे. खुंटीच्या या डोंगररानात तीनच वर्षांपूर्वी एक मोठा वणवा विझला होता. बिरसा मुंडा यांनी जमीनदार, सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध उठाव केला. ते पकडले गेले आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मरण पावले.

त्या उठावाचे मूळ जमिनीत होते. मुंडा लोकांच्या रीतीप्रमाणे ज्या कुळांनी प्रथम रान तोडून शेत काढले, त्या कुळांची त्या गावावर सामाईक मालकी असे. या हक्काला खुंटकट्टी म्हणत. तो कोठे लिहिलेला नव्हता. सगळ्या गावाला ठाऊक होता, एवढाच त्याचा पुरावा. इंग्रजी अंमलात जमीन कागदाच्या मागे जाऊ लागली. कागद कसा करावा आणि कचेरीत कोणापुढे ठेवावा, हे ज्याला समजले तो बाहेरून आलेला ठिकेदार गावाचा धनी झाला, आणि ज्याच्या आज्याने झाडे तोडली होती तो त्याचे कूळ झाला. बिरसांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९०८ साली, सरकारने छोटानागपूर कुळकायदा केला. त्यात खुंटकट्टी हक्काला मान्यता मिळाली आणि आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाण्यावर बंधने आली. जयपाल त्या वेळी पाच वर्षांचे होते. रानात रक्त सांडून जे मिळाले, ते अखेर एका कायद्याच्या कलमांत उतरले, हे पाहतच त्यांची पिढी मोठी झाली. पुढील आयुष्यात त्यांनी कलमांचा जो ध्यास घेतला, त्याचा उगम मला येथे दिसतो.

रांचीच्या सेंट पॉल शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले. शाळेचे मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांचे या चलाख मुलाकडे लक्ष गेले, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास ते त्याला आपल्याबरोबर इंग्लंडला घेऊन गेले. कँटरबरी येथील सेंट ऑगस्टीन्स कॉलेजातून तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. अर्थशास्त्राची पदवी त्याने सन्मानाने मिळविली, वादसभा गाजविल्या आणि हॉकीच्या मैदानावर तर विद्यापीठाचा मानाचा ब्लू पटकाविला. त्यानंतर हिंदी सनदी नोकरीसाठी, म्हणजे आय. सी. एस.साठी, त्याची निवड झाली. गुरे राखणाऱ्या मुंडा मुलाची ही मजल पाहून गावच्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१९२८ साली हिंदुस्थानचा हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिकला जावयाचा होता. स्पर्धा हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम येथे होती, आणि कर्णधार म्हणून जयपालसिंहांना बोलावणे आले. ते त्या वेळी सनदी नोकरीच्या उमेदवारीत होते. रजा मागितली, मिळाली नाही. रजेवाचूनच ते संघाला जाऊन मिळाले. त्या संघात ध्यानचंद होते. हिंदुस्थानने त्या स्पर्धेत एकंदर २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. २६ मे १९२८ रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंडचा ३-० असा पराभव झाला आणि देशाला हॉकीतील पहिले सुवर्णपदक मिळाले. संघाच्या व्यवस्थापनाशी बिनसल्यामुळे जयपालसिंह मात्र त्या अंतिम सामन्यात खेळले नाहीत. हा ताठा त्यांच्या स्वभावातच होता, आणि त्याने त्यांचे कधी हित केले तर कधी अहित. लंडनला परत येताच त्यांना उमेदवारीचे वर्ष पुन्हा काढण्यास सांगण्यात आले. त्यांनी ती नोकरीच सोडली.

यानंतरची दहा वर्षे काहीशी भटकंतीची आहेत, आणि ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. कलकत्त्याला एका तेल कंपनीत त्यांनी नोकरी केली. राष्ट्रसभेचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या नातीशी, तारा मजुमदार यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. १९३४ साली ते आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट वसाहतीत, म्हणजे आजच्या घाना देशात, अचिमोटा कॉलेजात शिकविण्यास गेले. तेथून परतल्यावर काही काळ त्यांनी रायपूरच्या राजकुमार कॉलेजाची सूत्रे सांभाळली. रायपूर त्या वेळी आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या मुलांसाठी काढलेल्या त्या विद्यालयाच्या प्रमुखपदी एक आदिवासी गृहस्थ बसावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुढे ते बिकानेर संस्थानच्या सेवेत वरिष्ठ पदावर गेले. मानमरातब, पगार, बंगला, शिकार या सर्व गोष्टी हाताशी होत्या.

तेवढ्यात छोटानागपुरात वारे फिरले होते. निरनिराळ्या पंथांच्या आणि जमातींच्या ज्या लहान लहान संस्था तेथे होत्या, त्या १९३८ साली एकत्र येऊन आदिवासी महासभा निर्माण झाली. तिला नेता हवा होता. मुंडा, उरांव, हो, खडिया, संथाळ, ख्रिस्ती आणि परंपरेला धरून असलेले, अशा सर्वांना एका मांडवाखाली आणू शकेल आणि सरकारदरबारी ज्याचे बोलणे ऐकावेच लागेल, असा माणूस जयपालसिंहांवाचून दुसरा दिसेना. जानेवारी १९३९ मध्ये रांची येथे महासभेचे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यापाड्यांतून लोक पायी चालत आले होते. याच लोकांनी पुढे त्यांना मरंग गोमके, म्हणजे थोर नेता, ही पदवी दिली. छोटानागपूर आणि संथाळ परगणा बिहारपासून वेगळा करून त्याचा स्वतंत्र प्रांत करावा, ही मागणी त्यांनी तेव्हापासून लावून धरली.

त्यांच्यावर टीका होण्यासारखेही पुष्कळ घडले. दुसऱ्या महायुद्धात राष्ट्रसभेचे पुढारी तुरुंगात जात असता जयपालसिंह सरकारच्या सैन्यभरतीला साहाय्य करीत होते. स्वातंत्र्याच्या लढ्यातील लोकांनी ही गोष्ट पुष्कळ दिवस मनात धरली. त्यांचा राष्ट्रसभेवर विश्वास नव्हता हे खरे. पण ज्या पक्षाच्या हाती उद्याचे राज्य जाणार हे स्पष्ट दिसत होते, त्याच्याशी दुरावा घेऊन आदिवासींचे हित साधेल, असे त्यांना वाटले असल्यास ते चुकले होते.

आता त्यांच्या आयुष्यातील ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळू. १९४६ साली जयपालसिंह बिहारमधून घटना समितीवर निवडून आले. त्या सभेत आदिवासी सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी ध्येयविषयक ठराव मांडला. अल्पसंख्याक, मागासलेले व आदिवासी प्रदेश आणि दलित वर्ग यांना पुरेसे संरक्षण देण्याचे आश्वासन त्यात होते. १९ डिसेंबर रोजी जयपालसिंह या ठरावावर बोलण्यास उभे राहिले.

ठरावाला त्यांनी पाठिंबा दिला, पण तो देताना जे सांगितले ते सभेने पूर्वी ऐकलेले नव्हते. आपण जंगली आहोत असे लोक म्हणतात, आणि तसे असण्याचा आपल्याला अभिमान आहे, असे ते म्हणाले. ठरावातील कायद्याच्या बारकाव्यांविषयी आपल्याला फारसे कळत नाही, परंतु सर्वांनी मिळून स्वातंत्र्याकडे चालावे एवढे साध्या अकलेला समजते, असे ऑक्सफर्डच्या त्या पदवीधराने सांगितले तेव्हा त्यातील खोच कोणाच्या ध्यानात आली नसेल असे वाटत नाही. सिंधू संस्कृतीच्या काळापासून बाहेरून आलेल्यांनी आपल्या लोकांना रानात ढकलले. त्यांचा सारा इतिहास पिळवणुकीचा आणि मधून मधून उसळलेल्या बंडांचा आहे. तरीही आपण नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास तयार आहोत. आणि लोकशाही आदिवासींना शिकविण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, कारण तिचे धडे घ्यावयाचे तर ते त्यांच्याकडूनच घ्यावे लागतील. त्यांच्या भाषणाचा आशय हा असा होता. मुंडांच्या गावपंचायतीत माणसे झाडाखाली बसतात आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत उठत नाहीत. ज्याने हे बालपणी पाहिले होते त्याला दिल्लीच्या सभागृहाचा दरारा वाटण्याचे कारण नव्हते.

त्यापुढील तीन वर्षे जयपालसिंहांनी जो झगडा केला, तो समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. इंग्रजांनी १९३५ च्या कायद्याने काही आदिवासी प्रदेश वर्जित आणि अंशतः वर्जित ठरविले होते. प्रांताच्या विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरने आज्ञा केल्याशिवाय तेथे लागू होत नसे. आपल्या छिंदवाडा जिल्ह्यातील हर्रई, बटकागड, आलमोद वगैरे जहागिऱ्या, अमरावतीचा मेळघाट, चांदा जिल्ह्यातील अहेरीची जमीनदारी आणि संपूर्ण मंडला जिल्हा हे सर्व अंशतः वर्जित क्षेत्रांत होते. या व्यवस्थेवरून विद्वानांत मोठा वाद माजला. मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये येऊन राहिलेले व्हेरियर एल्विन म्हणत की, सावकार, ठेकेदार आणि जंगलखाते यांच्या तावडीतून या लोकांना वाचवावयाचे असेल तर त्यांना काही काळ संरक्षणाखाली ठेवले पाहिजे. मुंबई विद्यापीठातील आपले नामवंत समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे मत याच्या उलट होते. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच होत, त्यांना वेगळे काढणे हा परकीय राज्यकर्त्यांचा डाव आहे आणि ते मोठ्या समाजात मिळून जाणे हेच इष्ट, असे १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादन केले. दोन्ही बाजूंनी पुस्तके लिहिणारे विद्वान होते. ज्यांच्याविषयी वाद चालला होता ते बोलत नव्हते. जयपालसिंहांमुळे ते प्रथमच बोलू लागले. त्यांना कुंपणही नको होते आणि विरघळून जाणेही नको होते. जमीन आपल्या हाती राहावी, आपल्या कारभारात आपला शब्द असावा, आणि मग देशाच्या संसारात बरोबरीने बसावे, ही त्यांची मागणी होती.

आसामखेरीज इतर प्रांतांतील अशा क्षेत्रांचा विचार करण्यासाठी घटना समितीने एक उपसमिती नेमली. तिचे अध्यक्ष होते ठक्करबाप्पा. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात १९१४ साली दाखल झालेले आणि भिल्लांच्या सेवेत आयुष्य घालविलेले हे साधुपुरुष. जयपालसिंह या उपसमितीचे सभासद होते. उपसमितीने अनुसूचित क्षेत्रांची आणि प्रत्येक प्रांतात आदिवासींच्या एका सल्लागार परिषदेची कल्पना मांडली. आरंभीच्या मसुद्यात या परिषदेच्या सल्ल्याला बरेच वजन होते. काही विषयांत तिचा सल्ला राज्यपालाने मानावाच अशी योजना होती. पुढे ५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी पाचव्या अनुसूचीचा जो नवा मसुदा मांडला, त्यात अधिकार राज्यपालाकडे राहिले आणि परिषदेचा सल्ला घेणे एवढेच शिल्लक उरले. परिषदेत जास्तीत जास्त २० सभासद असावेत व त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश विधिमंडळातील आदिवासी प्रतिनिधी असावेत. जमिनीच्या हस्तांतरावर आणि सावकारीवर राज्यपालाने या परिषदेशी विचारविनिमय करून नियम करावेत. आणि या क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल राज्यपालाने दर वर्षी राष्ट्रपतींना द्यावा, असे अखेर ठरले. परिषदेच्या हातात खरी सत्ता असावी, आणि अनुसूचित क्षेत्राबाहेर राहणाऱ्या आदिवासींनाही तिचा आधार मिळावा, यासाठी जयपालसिंह भांडले. दुसरी गोष्ट काही अंशी साधली. पहिली साधली नाही. सल्ला घेणे आणि सल्ला मानणे यांत केवढे अंतर आहे, हे पुढील काळात ज्या ज्या राज्यांत या परिषदांच्या बैठका वर्षानुवर्षे भरल्या नाहीत, तेथे लोकांना कळून आले.

दुसरा झगडा नावाचा होता. आदिवासी हा शब्द घटनेत यावा असा त्यांचा हट्ट होता. हिंदी भाषांतरात वनजाती असा शब्द योजिलेला पाहून ते फार चिडले. वनात राहणारा एवढीच ओळख त्यांना मान्य नव्हती. आदिवासी म्हणजे मुळापासून येथे राहणारा, आणि ज्याचा हक्क प्रथम त्याचे नाव तसेच असावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. डॉ. आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले की, आदिवासी ही सामान्य संज्ञा आहे, तिला कायद्यात निश्चित अर्थ नाही. अनुसूचित जमात म्हटले की यादीत कोण आहे आणि कोण नाही, हे ठामपणे सांगता येते. कायदेपंडित म्हणून डॉ. आंबेडकरांचे म्हणणे बिनतोड होते, कारण न्यायालयापुढे यादी लागते. परंतु यादीत नाव असणे हे सरकारच्या लेखणीवर अवलंबून असते आणि आदिवासी असणे हे कोणाच्याही लेखणीवर अवलंबून नसते, हे जयपालसिंहांचे दुखणेही खोटे नव्हते. घटनेत तो शब्द आला नाही. लोकांच्या तोंडी मात्र तोच राहिला, आणि आपण मराठीतही तोच वापरतो.

तिसरा प्रसंग लहान असला तरी मजेचा आहे. दारूबंदीचे कलम चर्चेला आले तेव्हा, २४ नोव्हेंबर १९४८ रोजी, जयपालसिंहांनी त्याला विरोध केला. भाताची हंडिया आदिवासींच्या पूजेत आणि उत्सवात असते. चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी करणाऱ्या संथाळाला ती मिळाली नाही तर बंगालातील शेते कोण लावील, असा त्यांचा प्रश्न होता. गांधीवादी सभासदांना हे मुळीच आवडले नाही. दारूने आदिवासींचे नुकसान केले आहे हे तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. तथापि जयपालसिंहांचा रोख दारूपेक्षा या गोष्टीवर होता की, आमच्या चालीरीती आमच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवू नयेत.

घटनेत जे पदरात पडले तेही थोडे नव्हते. लोकसभेत आणि विधानसभांत राखीव जागा मिळाल्या. आदिवासी भागांच्या उन्नतीसाठी केंद्राने अनुदान द्यावे असे कलम आले. देशात कोठेही जाऊन राहण्याच्या नागरिकाच्या हक्कावर अनुसूचित जमातींच्या हितासाठी बंधन घालता येईल, अशी तरतूद १९ व्या कलमात झाली. राखीव जागा प्रथम दहाच वर्षांसाठी होत्या. त्यानंतर प्रत्येक वेळी मुदत वाढत गेली आहे.

सभागृहात शब्दांची लढाई चालू असता बाहेर रक्तही सांडत होते. १ जानेवारी १९४८ रोजी खरसावां येथे बाजाराचा दिवस होता. ते लहान संस्थान ओरिसात विलीन करण्याविरुद्ध हजारो आदिवासी तेथे जमले होते. जयपालसिंह येणार म्हणून लोक वाट पाहत होते. ते पोहोचू शकले नाहीत. पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक माणसे मेली. स्वतंत्र भारताला तेव्हा पुरते पाच महिनेही झाले नव्हते. त्याच वर्षी खरसावां आणि सराईकेला बिहारला जोडण्यात आले. आजही १ जानेवारीला तेथे शोकदिन पाळतात.

१९५० च्या आरंभी महासभेतून झारखंड पक्ष निघाला. त्याची निशाणी कोंबडा. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या पक्षाने बिहार विधानसभेत ३० हून अधिक जागा जिंकल्या आणि तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. जयपालसिंह स्वतः लोकसभेवर निवडून गेले, आणि त्यानंतरच्या तिन्ही निवडणुकांत ते निवडून येत राहिले. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगापुढे झारखंडची मागणी आली. त्या भागात आदिवासींचे बहुमत नाही, त्यांची एक भाषा नाही, आणि खाणी व कारखाने गेले तर उरलेला बिहार दुबळा होईल, अशा कारणांनी आयोगाने ती नाकारली. आपल्यालाही हा आयोग परका नाही. त्यानंतरच्या पुनर्रचनेतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि घरात मराठी बोलणारे आपण सौंसर-पांढुर्णेकर भोपाळच्या राज्यात नांदू लागलो. आपली भाषा निदान शेजारच्या राज्याची राजभाषा झाली. गोंडी बोलणारे मात्र चार-पाच राज्यांत वाटले गेले आणि कोठेच त्यांच्या भाषेचे राज्य झाले नाही. ज्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, नागपूर शहर वसविले, त्याच्या भाषेची ही गत आहे.

आयोगाच्या नकारानंतर पक्षाची उमेद खचत गेली. १९६२ च्या निवडणुकीत जागा घटल्या, आणि १९६३ साली जयपालसिंहांनी झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. सत्तेत राहून प्रांत मिळविता येईल असा त्यांचा हिशेब असावा. त्यांना बिहारात मंत्रिपद मिळाले, पण ते अल्पकाळच टिकले. प्रांत तर मिळालाच नाही. ज्यांनी कोंबड्यावर शिक्का मारण्यासाठी रानातून मैलोन्‌मैल चालत येऊन मते दिली होती, त्यांना कोणी विचारले नव्हते. एकमत होईपर्यंत न उठणाऱ्या पंचायतीचा गौरव ज्याने दिल्लीत केला, त्यानेच आपल्या लोकांचा पक्ष असा मोडावा, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी चूक होय, असे माझे स्पष्ट मत आहे. पक्षाचे पुढे अनेक तुकडे झाले. या कृत्याचा जयपालसिंहांना स्वतःलाही पश्चात्ताप झाला असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदविले आहे.

२० मार्च १९७० रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते लोकसभेचे सभासद होते, आणि वय होते ६७. झारखंड राज्य त्यानंतर ३० वर्षांनी, १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला अस्तित्वात आले. त्यात बिहारातील जिल्हेच तेवढे होते. जयपालसिंहांच्या नकाशात बंगाल, ओरिसा आणि मध्य प्रदेशातील शेजारचे भागही होते.

घटना समितीत जे अपुरे राहिले, त्यातील काही भाग १९९६ साली पुरा झाला. पंचायत राज्याची ७३ वी घटनादुरुस्ती अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू नव्हती. झाबुआचे भिल्ल खासदार दिलीपसिंह भूरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर संसदेने त्या क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. पेसा या नावाने तो ओळखला जातो. आदिवासींची गेलेली जमीन परत मिळवून देणे, भूसंपादनापूर्वी सल्ला देणे, गौण वनोपजावर मालकी, गावच्या तंट्यांचा रूढीप्रमाणे निवाडा, हे विषय त्याने ग्रामसभेकडे व पंचायतीकडे आणले. मद्याची बंदी करावी की त्यावर नियंत्रण ठेवावे, हा अधिकारही त्यात आहे. १९४८ चा तो वाद असा गावाच्या झाडाखाली परत आला. या सर्व गोष्टी प्रत्येक राज्याने आपापले नियम केल्यावर अमलात यावयाच्या होत्या, आणि मध्य प्रदेशाचे नियम होण्यास २६ वर्षे लागली. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी शहडोल येथे ते जाहीर झाले, तेव्हा व्यासपीठावर राष्ट्रपती म्हणून द्रौपदी मुर्मू होत्या. त्या संथाळ आहेत, आणि देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती आहेत.

पुढील वर्षी, २०२३ साली, सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. अनुसूचित क्षेत्रातील आपली गावे आता या जिल्ह्यात आहेत. नव्या नियमांप्रमाणे अशा गावाच्या ग्रामसभेचे अध्यक्षपद आदिवासी सभासदाकडे असते, आणि गावच्या जमिनीचा नकाशा, खसरा आणि बी-१ ची नक्कल घेऊन पटवाऱ्याने वर्षातून एकदा त्या सभेपुढे आले पाहिजे. कोणाचे शेत कोणाच्या नावावर आहे, ते तेथे सर्वांसमक्ष वाचून दाखवावयाचे असते.